एका अक्षरावर किती सूर?



मागच्या पास्काच्या रविवारी आपल्या गायकवृंदातल्या एका मुलीने प्रतिसाद स्तोत्र गायिले. आवाज गोड, सूर पक्का, सराव भरपूर. प्रत्येक ओळीच्या शेवटी तिने एकेक सुंदर हरकत घेतली. दुसऱ्या कडव्यात ती आणखी वर गेली, तिसऱ्यात आणखी. मिस्सा संपल्यावर तरुण मंडळींनी तिच्याभोवती गर्दी केली. "टीव्हीवर जायला पाहिजेस तू," असे कोणीतरी म्हणाले. मुलगी खूश होती आणि तिची आईही.

तेवढ्यात पुढच्या बाकावर नेहमी बसणाऱ्या एक आजी तिच्याजवळ आल्या. तिच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "बाय, गानं बेस झालं. पन आमी कवा गावाचा?"

आजींच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच समजले नव्हते की, प्रतिसाद कोठे सुरू करायचा. तीस-चाळीस वर्षे त्या हे स्तोत्र गात आल्या आहेत. त्या दिवशी त्यांनी दोनदा तोंड उघडले आणि दोन्ही वेळा मिटले. मी गायकवृंदाचा सराव घेतो, त्यामुळे हा प्रश्न खरे तर मला होता. त्या दिवसापासून मी त्यावर विचार करीत आहे. आजचा हा पाठ त्यातूनच झाला आहे. त्या मुलीला विचारूनच मी हे लिहीत आहे.

नेमके काय होते?

गाण्यात साधारणपणे एका अक्षराला एक सूर असतो, कधी दोन. एकाच अक्षरावर अनेक सूर ओढून गाणे, याला आपल्याकडे अनेक नावे आहेत. मूळ सुराला हलकेच चिकटून येतो तो कण. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर न तुटता घसरत जाणे म्हणजे मींड. तीन-चार सूर झटकन गुंफून घेणे म्हणजे खटका किंवा मुरकी. सुरांची वेगवान लांब माळ म्हणजे तान. सुगम संगीतात गायक स्वतःच्या मनाने जी छोटी वळणे घेतो, त्यांना आपण सरसकट हरकती म्हणतो.

हे सगळे गाण्याचे दागिने आहेत आणि दागिने वाईट नसतात. प्रश्न आहे तो किती, कोठे आणि कशासाठी याचा.

एक प्रयोग घरी करून पाहा. 'मेंढपाळ' हा शब्द घ्या. चार अक्षरे आहेत, चार सुरांत गा. शब्द लगेच कळतो. आता 'पा' या अक्षरावर बारा सूर घ्या. ऐकणाऱ्याला आधी 'मेंढ' ऐकू येते, मग बराच वेळ नुसता 'आ'कार. 'ळ'पर्यंत पोहोचेतो गाणाऱ्याचा श्वास संपलेला असतो आणि ते अक्षर गिळले जाते. शब्दाला आकार मिळतो व्यंजनांमुळे, आणि हरकत घेता येते ती फक्त स्वरावर. म्हणून हरकत जितकी लांब, तितका वेळ शब्द थांबलेला असतो.

मराठीत आणखी एक अडचण आहे. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलतो. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. 'सुत' म्हणजे पुत्र आणि 'सूत' म्हणजे दोरा. ऱ्हस्व अक्षरावर हरकत घेतली की ते आपोआप दीर्घ होते. गाणारा 'देवाचा सुत' म्हणायला जातो आणि बाकावरच्या मुलांना ऐकू येतो दोरा. हसण्याची गोष्ट आहे, पण आपण जे गातो ती प्रार्थना असेल तर हसून सोडून देण्यासारखीही नाही.

ही रीत आली कोठून?

आपली मुले ज्या प्रकारे हरकती घेतात, त्याची एक वाट दूरवरून, अमेरिकेतून आली आहे. त्या वाटेचा उगम नाटकगृहात किंवा नाचघरात नाही. तो चर्चमध्ये आहे.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनागृहांत गायक एखादा शब्द ओढून, वळवून, हुंदक्यासारखा गातात. गुलामगिरीचे दुःख सोसलेल्या समाजाची ती प्रार्थना आहे. अरीथा फ्रँकलिन (१९४२-२०१८) या विख्यात गायिकेचे वडील बॅप्टिस्ट पाळक होते आणि तिचे गाणे डेट्रॉईट शहरातील त्यांच्या चर्चमध्ये सुरू झाले. व्हिटनी ह्यूस्टन (१९६३-२०१२) ही न्यूअर्क येथील बॅप्टिस्ट चर्चच्या गायकवृंदात वाढली. डॉली पार्टन हिने १९७४ मध्ये अगदी साधेपणाने गायिलेले एक प्रेमगीत व्हिटनीने १९९२ मध्ये एका चित्रपटासाठी गायिले. तिच्या आवाजाचे मोठे चढउतार जगभर गाजले. अमेरिकेच्या गीतांच्या यादीत ते चौदा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. त्याआधी १९९० मध्ये मराया कॅरी हिचे पहिलेच गाणे तशाच हरकतींमुळे प्रसिद्ध झाले होते. त्यांच्यामागून आलेल्या असंख्य मुलामुलींनी ठरवून टाकले की, गाणे म्हणजे हेच.

परंतु एक गोष्ट हरवली. व्हिटनीच्या त्या गाण्याचा आरंभ कोणत्याही वाद्याच्या साथीशिवाय, हळुवार होतो. मोठा आवाज ती शेवटासाठी राखून ठेवते. अनुकरण करणाऱ्यांनी शेवट उचलला आणि राखून ठेवणे मात्र विसरले.

मग आल्या स्पर्धा. अमेरिकेत 'अमेरिकन आयडॉल' २००२ मध्ये सुरू झाले, आपल्याकडे 'इंडियन आयडॉल' २००४ मध्ये. त्याआधी १९९५ पासून झी टीव्हीवर 'सा रे ग म' होतेच. मराठीत २००८-०९ मधील 'सा रे ग म प लिटल चॅम्प्स' तर घराघरांत पाहिले गेले. आपल्या रायगड जिल्ह्यातील अलिबागची मुग्धा वैशंपायन अंतिम फेरीत होती, म्हणून आपल्याकडे त्याचे कौतुक विशेष होते. त्या पाच मुलांनी जुनी मराठी गाणी पुन्हा लोकांच्या ओठांवर आणली, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

तरीही स्पर्धेचा स्वतःचा एक नियम असतो. गायकाला वेळ थोडा, समोर परीक्षक, आणि मागे-पुढे तेवढेच चांगले गाणारे आणखी काही जण. थोड्या वेळात 'मला येते' हे दाखवायचे असेल तर हरकत हाच जवळचा मार्ग. साधी ओळ साधेपणाने गाण्यात किती मेहनत आहे हे पटकन दिसत नाही. तान मात्र लगेच दिसते आणि टाळी पडते. टाळी पडली की पुढच्या आठवड्यात दोन ताना. असे करता करता गाणे मागे राहते आणि गायक पुढे येतो.

यात यंत्राचाही भाग आहे. १९९७ मध्ये 'ऑटो-ट्यून' नावाची संगणकप्रणाली आली. ध्वनिमुद्रण झाल्यावर चुकलेला सूर तिच्या साहाय्याने जागेवर आणता येतो. त्यामुळे मोबाईलवर ऐकू येणारी घोटीव हरकत पुष्कळदा गळ्याची आणि यंत्राची मिळून झालेली असते. आपली मुले मात्र ती नुसत्या गळ्याने काढू पाहतात, आणि जमली नाही की स्वतःलाच कमी समजतात.

मराठी गाण्याने हा प्रश्न आधीच पाहिला आहे

हे सारे आजचेच आहे असे मानू नका. आपल्या मराठी रंगभूमीवर हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी उभा राहिला होता.

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल' (१८८०) आणि 'सौभद्र' (१८८२) या नाटकांत पदे पुष्कळ होती, पण ती आटोपशीर होती. साकी, दिंडी, ओवी अशा ओळखीच्या चालींमुळे ती लोकांना पटकन येत. १९११ च्या 'मानापमान'ला गोविंदराव टेंबे यांनी आणि १९१६ च्या 'स्वयंवर'ला भास्करबुवा बखले यांनी रागदारीतील चाली दिल्या. मराठी माणसाचा कान त्यामुळे समृद्ध झाला. पण 'वन्स मोअर'ची प्रथा वाढली. एकेक पद पुन्हा पुन्हा गायिले जाऊ लागले, ताना लांबत गेल्या, नाटक पहाटेपर्यंत चालू लागले आणि कथा ताटकळत उभी राहिली. बालगंधर्वांसारख्या थोर नटाच्या गळ्यात ते शोभले, कारण पदातला भाव ते सोडत नसत. त्यांची नक्कल करणाऱ्या सर्वांनाच ते साधले नाही.

मग १९३० च्या सुमारास वारे फिरले. ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटेच मावत. मायक्रोफोन आला, त्यामुळे शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्याची गरज उरली नाही. हळू, जवळ बसून बोलल्यासारखे गाता येऊ लागले. जी. एन. जोशी यांनी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता याच काळात ध्वनिमुद्रिकेवर गायिली आणि भावगीताची परंपरा सुरू झाली. भावगीतात कविता ही घरधनीण आणि सूर हा तिचा पाहुणा.

या विचाराचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे 'गीतरामायण'. १ एप्रिल १९५५ ते १९ एप्रिल १९५६ या काळात पुणे आकाशवाणीवर ते प्रथम सादर झाले. ग. दि. माडगूळकरांची छप्पन्न गीते आणि सुधीर फडके यांचे संगीत. फडके यांना रागदारी येत नव्हती असे कोण म्हणेल? त्यांच्या चालींत अनेक राग आहेत. पण शब्दाचा उच्चार इतका स्वच्छ की, रेडिओसमोर बसलेल्या निरक्षर माणसालाही एकेक अक्षर कळावे. हरकत आहे, पण ती शब्दाच्या आधी धावत नाही.

यातून एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. अवघड गाणे आणि अति नटवलेले गाणे यांत फरक आहे. श्रीनिवास खळे यांच्या किंवा हृदयनाथ मंगेशकर यांच्या चाली गायला फार अवघड आहेत. त्यांत वळणे भरपूर आहेत. पण ती वळणे चालीचाच भाग आहेत. ती काढली तर गाणे मोडते. अतिरेकी हरकतीची ओळख उलट आहे: ती काढली तर काहीच बिघडत नाही, उलट शब्द मोकळा होतो.

आपल्या परिसरातले दोन धडे

पुण्या-मुंबईची उदाहरणे झाली. आता आपल्या जिते गावाच्या आसपास पाहू या.

आपल्याकडच्या आगरी लग्नात धवले गायिले जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. धवलारीण बसते आणि लग्नाच्या एकेका विधीला धवला म्हणते. वाद्य नाही, तान नाही, मोजक्या सुरांतली एकच चाल पुन्हा पुन्हा येते. शहरातून आलेल्या पाहुण्याला ते एकसुरी वाटते. पण त्या चालीचे काम वेगळे आहे. ती शब्द वाहून नेते आणि भोवती बसलेल्या बायांना आपल्यात घेते. धवलारणीने जर प्रत्येक ओळीला नवी हरकत घेतली, तर तिच्या मागे कोण म्हणणार? आता हळदीला डीजे आला आणि गाणे ऐकण्याची गोष्ट झाली, म्हणण्याची राहिली नाही. आजींचा प्रश्न ज्या कानातून आला, तो कान धवल्यावर वाढलेला आहे.

दुसरा धडा मूर्तिकारांचा. आपल्या शेजारच्या हमरापूर, जोहे या गावांत आणि पेण शहरात वर्षभर गणेशमूर्तींचे कारखाने चालतात. आपल्यापैकी काहींच्या घरची माणसेही तेथे कामाला जातात. मूर्तीला रंग लागतो, दागिने चढतात, खडे बसतात. पण कारखान्यातला कोणीही जाणता कारागीर सांगेल की, मूर्तीत जीव येतो तो डोळ्यांच्या आखणीने, आणि ते काम सगळ्यांत सधलेल्या हाताकडे असते. खडे कितीही लावा, डोळे चुकले तर मूर्ती बघत नाही. गाण्याचे डोळे म्हणजे शब्द. दागिन्यांनी डोळे झाकायचे नसतात.

ख्रिस्तसभेचा अनुभव

आता आपल्या उपासनेकडे वळू. येथेही हा प्रश्न फार जुना आहे, आणि त्याचे उत्तर 'हरकती बंद करा' इतके सोपे नाही.

पहिली गोष्ट आनंदाची आहे. चर्चच्या प्राचीन ग्रेगोरियन गायनात बरीचशी गीते एका अक्षराला एक सूर अशी साधी आहेत. परंतु 'आलेलुया' गाताना शेवटच्या स्वरावर सुरांची लांबच लांब माळ असते. 'आलेलुया' या हिब्रू शब्दाचा अर्थ 'याहची, म्हणजे परमेश्वराची स्तुती करा'. म्हणजे ती माळ देवाच्या नावावरच चढवलेली आहे. संत ऑगस्टिन (३५४-४३०) यांनी अशा शब्दाविण गाण्याचे फार सुंदर स्पष्टीकरण केले आहे. शेतात कापणी करणारी माणसे आधी शब्द घेऊन गातात. आनंद इतका वाढतो की शब्द पुरत नाहीत, तेव्हा ती नुसत्या आवाजाने गाऊ लागतात. देवाची थोरवी शब्दांत मावत नाही, म्हणून तिच्यासमोर असे गाणे योग्यच आहे, असा त्यांचा विचार. भातकापणी केलेल्या आपल्या लोकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

त्याच संत ऑगस्टिन यांनी आपल्या आत्मनिवेदनात एक कबुलीही दिली आहे. गायिलेल्या शब्दांपेक्षा गाण्यानेच आपले मन अधिक हलले, असे जेव्हा घडते, तेव्हा आपण चुकलो असे त्यांना वाटे. अशा वेळी गाणाऱ्याचा आवाज कानी न पडता तर बरे, असेही त्यांच्या मनात येई. आणि तरीही चर्चमधले गाणे ते टाकून द्यायला तयार नव्हते, कारण त्याच गाण्याने त्यांच्या डोळ्यांत श्रद्धेचे अश्रू आणले होते. एकाच माणसाच्या मनातले हे दोन्ही विचार आपण जवळ ठेवावेत.

चौदाव्या शतकात पोप बाविसावे जॉन यांनी, गायक मूळ चाल तुकड्यातुकड्यांनी तोडतात आणि तिच्यावर इतके सूर लादतात की ती ओळखू येत नाही, अशी तक्रार एका फर्मानात केली. ट्रेंटच्या परिषदेत १५६२ मध्ये उपासनेतील संगीताचा विषय निघाला, तेव्हाही शब्द सर्वांना स्पष्ट कळावेत याच मुद्द्यावर चर्चा झाली. पालेस्त्रीना या इटालियन संगीतकाराची पोप मार्सेलस यांच्या नावाची मिस्सा १५६७ मध्ये छापली गेली. अनेक आवाज एकाच वेळी असूनही शब्द ऐकू येतात, म्हणून ती आजही आदर्श मानली जाते. १९०३ मध्ये, संत सिसिलियाच्या सणाच्या दिवशी, पोप दहावे पायस यांनी नाटकी गायनाला उपासनेत आळा घातला. त्या काळी युरोपातील चर्चमध्ये ऑपेराच्या थाटात गाण्याची पद्धत पडली होती.

आणि शेवटी ४ डिसेंबर १९६३. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा उपासनेवरील दस्तऐवज त्या दिवशी जाहीर झाला. त्याने दोन गोष्टी सांगितल्या, ज्या आपल्याला थेट लागू आहेत. एक, उपासनेत सर्व भाविकांचा सक्रिय सहभाग असावा. दोन, प्रत्येक देशातील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य तो मान द्यावा. त्यानंतरच मिस्सा लॅटिनऐवजी मराठीत होऊ लागली. त्याआधी गायकवृंद लॅटिनमध्ये गात असे आणि बहुतेक लोक माळ हाती घेऊन गप्प बसत. आपल्यातील वृद्धांना ते दिवस आठवत असतील. जे गाणे मोठ्या प्रयत्नाने लोकांच्या हाती आले, ते हरकतींच्या मागे पुन्हा लोकांच्या हातून जाऊ नये, हा खरा मुद्दा आहे.

मराठीचा वारसा तर त्याहून जुना आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेजुइटांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. स्टीफन्स यांना लॅटिन स्तोत्रांच्या चाली ठाऊक होत्या, पण त्यांनी निवडली ती लोकांच्या ओळखीची ओवी. ख्रिस्ती लोक तिच्या आधारे ते पुराण एकत्र म्हणत असत. बाहेरून आलेल्या माणसाने लोकांचा गळा आधी ओळखला आणि मग लेखणी उचलली.

ओळखायचे कसे?

गायकवृंदासाठी आणि घरी मुलांना गाणे शिकवणाऱ्यांसाठी चार साध्या कसोट्या देत आहे.

१. शब्दाची कसोटी. ज्याला गाणे माहीत नाही अशा माणसाला मागच्या बाकावर बसवा. त्याला ओळ लिहून काढता आली तर हरकत योग्य. नाही आली तर कमी करा.

२. अर्थाची कसोटी. हरकत कोणत्या शब्दावर आली? 'आनंद', 'गौरव', 'आलेलुया' या शब्दांवर सूर फुलले तर अर्थ वाढतो. 'आणि', 'च्या', 'आहे' यांवर फुलले तर फक्त गळा दिसतो.

३. क्रमाची कसोटी. आधी ओळ सरळ म्हणा. आपल्या भजनात बुवा आधी ओळ देतात, टाळकरी ती उचलतात, ती सर्वांची झाल्यावरच बुवा वर जातात. पहिल्याच ओळीला वळणे घेतली तर मागच्यांच्या हाती काहीच लागत नाही.

४. जागेची कसोटी. एकट्याने गायची जागा आणि सर्वांनी गायची जागा वेगळी आहे. स्तोत्राची कडवी एकट्याची. त्यांत संयमाने थोडे सजवता येईल. प्रतिसाद सर्वांचा आहे. तो दर वेळी तसाच, त्याच चालीत, त्याच जागी संपला पाहिजे, म्हणजे लोकांना आपण कोठे सुरू करायचे हे कळते.

मुलीचे उत्तर

पास्कानंतरच्या सरावाला मी त्या मुलीला आजींचा प्रश्न पुन्हा सांगितला. मला वाटले, ती रागावेल. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, साधं गायलं तर लोक म्हणतात, हिला काही येत नाही."

त्या एका वाक्याने माझी बोलती बंद झाली. मी तिला संतांची आणि पोपमहोदयांची उदाहरणे देणार होतो. पण ती खरे बोलत होती. टाळ्या वाजवणारे आपणच. "टीव्हीवर जायला पाहिजेस" म्हणणारेही आपणच. प्रतिसाद व्यवस्थित साधा गाणाऱ्या मुलीकडे मिस्सेनंतर कोण जाते? कोणी नाही. मुले जिकडे कौतुक असते तिकडे जातात. दोष तिच्या गळ्यात नव्हता. तो आमच्या कानांत होता, आणि सराव घेणारा म्हणून माझ्याही कानात.

मी तिला एवढेच म्हटले, "एका रविवारी करून बघ. प्रतिसाद सरळ ठेव. आलेलुयाच्या शेवटी मात्र तुला हवे तसे गा, ती जागा तुझी."

तिने केले. पहिल्या प्रतिसादाला पुढचे दोन-तीन बाक गात होते. दुसऱ्याला मधले बाक आले. तिसऱ्याला मागे उभी असलेली पुरुषमंडळी, जी एरवी दारापाशी हाताची घडी घालून असतात, तीही गुणगुणली. आजी तर गात होत्याच. मग आलेलुयाच्या शेवटी त्या मुलीने एक सूर उचलला आणि तो वळत वळत वर गेला. त्या वेळी चर्चमध्ये इतकी शांतता होती की पंख्यांचा आवाज ऐकू येत होता. अख्खे चर्च तिच्याबरोबर आधी गात होते, म्हणून तो एक सूर सगळ्यांच्या वतीने वर गेला असे मला वाटले.

त्या दिवशी मिस्सेनंतर तिच्याभोवती गर्दी झाली नाही. हे सांगताना मला वाईट वाटते. ती पुस्तके आवरत होती आणि लोक दारातून बाहेर पडत होते. अजूनही चालीत होते. काही जण तोच प्रतिसाद गुणगुणत रस्त्याला लागले. तिला ते ऐकू आले की नाही, ठाऊक नाही. म्हणून हे येथे लिहिले.

बंधुभगिनींनो, पुढच्या रविवारी एक करा. ज्याच्यामुळे तुम्हाला गाता आले, त्याच्याकडे जा आणि सांगा, "बाळा, आज आम्हालाही गाता आले." टीव्हीवरचा कोणीही परीक्षक असे गुण देत नाही. ते फक्त आपणच देऊ शकतो.

कुटुंबात बोलण्यासाठी प्रश्न

१. आपल्या घरी गाणे ऐकले जाते की गायिले जाते? गेल्या आठवड्यात घरातील सर्वांनी मिळून एखादे गाणे म्हटले का?

२. घरातील आजी-आजोबांना येणारी, पण मुलांना न येणारी गाणी, ओव्या किंवा धवले कोणते? एक तरी लिहून घ्या आणि चाल शिकून घ्या.

३. मुलांचे कौतुक करताना आपण कशाचे कौतुक करतो: कोणाला मागे टाकले याचे, की कोणाला बरोबर घेतले याचे?

४. प्रार्थना म्हणताना किंवा गाताना शब्दांकडे माझे लक्ष असते का? आज गायिलेल्या प्रवेशगीताचा एक तरी शब्द मला आता आठवतो का?

प्रभू आपणा सर्वांच्या गळ्यात गाणे आणि कानात धीर देवो.